रिकामा हात

सकाळी मयूने लाकडावर पाय ठेवला आणि माझा उजवा हात वर गेला. एवढंच झालं. बंबासाठी ढलप्या मोडत मी मोरीशेजारी बसलो होतो. वखारीतून येणाऱ्या आमच्या ढलप्या पातळ असतात, गुडघ्यावर दाबल्या की मोडतात. एक जरा जाड निघाली. ती फरशीवर आडवी टाकून डाव्या हातानं धरली आणि कुठून मोडावी ते बघत होतो. तेवढ्यात मागून मयू आली. मयू माझी नात, अनिताची मुलगी, पाच वर्षांची. तिनं आपला पाय त्या लाकडावर ठेवला, नखांना लाल रंग लावलेला बारका पाय, आणि म्हणाली, "तोडा बघू आता, आबा." हात वर गेला आणि खाली आला. मधेच तो थांबला की मी थांबवला, मला सांगता येणार नाही. तिच्या घोट्यापासून वीतभर वर होता. हातात काही नव्हतं, पण मूठ पुरती मिटलीही नव्हती. आत एका दांड्यापुरती जागा होती. मयू हसली. तिला तो खेळ वाटला. "परत करा," ती म्हणाली.

मी पहिल्यांदा कानाला हात लावून पाहिलं. कान गार होते. मग दात तपासले, जबडा सैल होता. छाती रोजच्यासारखी. मयूला म्हणालो, "जा, आईला विचार पाणी तापलं का," आणि ती गेल्यावर भिंतीला टेकून बसलो. तेव्हा घाम आला. जेलात आम्हाला रागाची शिडी शिकवली होती. पहिल्या पायरीवर कान तापतात, दुसरीवर दात आवळले जातात, तिसरीवर छातीत धडधडतं, चौथीवर मुठी वळतात आणि पाचवीवर हात उठतो. निखत मॅडम फळ्यावर शिडी काढायच्या आणि म्हणायच्या, पाचव्या पायरीवर कुणीही एकदम जात नाही, खालच्या चार चढूनच जावं लागतं, म्हणून आपण पहिलीवरच उतरायला शिकू. एकवीसपासून उलटं मोजायचं. जागा सोडायची. हातात असेल ते खाली ठेवायचं. मी ते सगळं शिकलो. सकाळी मात्र माझा हात पाचवीवर होता आणि खाली शिडीच नव्हती.

आणि आजच चार वाजता त्या मॅडम घरी यायच्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं कार्ड आलं होतं. वर्गातल्या चौदा जणांचं पुढं काय झालं हे त्या घरोघर जाऊन बघत होत्या, वर्गाचा काही उपयोग झाला की नाही ते संस्थेला लिहून द्यायचं होतं. कार्ड मीच वाचलं, दोनदा, आणि मोठ्यानं वाचून अनितालाही दाखवलं. मला अक्षर जेलात आलं, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. त्याचं कारणही तो वर्गच. प्रत्येकानं रागाची वही लिहायची होती. कशानं राग आला, अंगात कुठं कळला, मग काय केलं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं शेजाऱ्याकडून लिहून घ्यायचं. माझा शेजारी मारुतराव, शिरूरकडचा, तो माझ्या तोंडचं न लिहिता स्वतःच्या मनाचं लिहायचा. माझ्या नावावर त्यानं एका आठवड्यात अकरा राग लिहिले. म्हणायचा, "जयसिंगराव, रिकामी वही बरी दिसत न्हाई. मॅडमला वाटंल हा मानूस सुधारायला तयारच न्हाई." मग मी अक्षरं शिकायला बसलो. चार महिन्यांत माझी वही मी लिहू लागलो. मॅडमनी ती सगळ्यांना दाखवली. वर्ग संपला तेव्हा शाबासकीचा कागद मिळालेल्यांत मी पहिला होतो. मारुतराव सुटला आणि आठ महिन्यांत परत आत आला, भावाचं डोकं फोडून.

दिवसभर मी सायकल स्टँडवर होतो. दौंडच्या स्टेशनाबाहेरचा तो स्टँड मी पाच वर्षं सांभाळतो. पुण्याला गाडीनं कामाला जाणारे सकाळी सायकली टाकतात, त्या मी रांगेत लावतो, मधली काढायची तर बाकीच्या न पाडता काढतो. हे काम मला आवडतं, कारण यात हात दिवसभर गुंतलेले असतात आणि कुठलीच गोष्ट तोडावी लागत नाही. आज मात्र मी हातावर नजर ठेवून होतो. हँडल धरणारा हात, कॅरिअर उचलणारा हात. तो माझं ऐकत होता. एखादा इमानी कुत्रा एकदा अंगावर धावून येतो आणि मग दिवसभर पायाशी शेपूट हलवत बसतो, तसा. समोर बिलालचं रसाचं गुऱ्हाळ आहे. चाकाला घुंगरं बांधलेली आहेत, ती वाजायला लागली की मी तिकडं पाठ करतो. बिलाल रोज चिडवतो. आजही म्हणाला, "आप्पा, एवढा ऊस साळून द्या की. राहूचं मानूस तुम्ही." मी म्हणालो, जमायचं न्हाई. "राहूचा मानूस आन् उसाला भितो," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "वाघ मांजराला भितो म्हंत्यात ना, त्यातली गत." गिऱ्हाईक हसलं. मी पण हसलो. कोयता त्याच्या फळीवर पडला होता, पात्याला रसाची ओल होती आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

राहूत, माझ्या गावी, मी दहा वर्षांचा असल्यापासून ऊस तोडला. वडिलांनी शिकवलं. त्यांच्यासारखा ऊस तोडणारा आमच्या भागात नव्हता, लोक त्यांनी तोडलेला उसाचा फड बघायला यायचे. डाव्या हातात ऊस, कंबरेत वाक, आणि कोयता जमिनीला चाटून. बुडखा मागं राहतो तो सपाट आणि गुळगुळीत राहायला पाहिजे, कारण पुढच्या वर्षीचा खोडवा त्यातूनच फुटतो. बुडखा चिरला की त्यात पाणी जातं, तो कुजतो, मग तिथं काही येत नाही. एकदा मी भावाशी भांडून फडात आलो आणि तोडायला लागलो. वडील मागून आले, माझे बुडखे बघितले, प्रत्येक चिरलेला. त्यांनी माझ्या हातातून कोयता काढून घेतला. म्हणाले, "राग घरी ठेवून यायचा. रागाचा घाव कवाबी चिरतो. हात मोकळा पायजे, मन गार पायजे. तुझ्या मनात काय हाय ते हाताला कळताच कामा नये." मग मला दिवसभर पाचट गोळा करायला लावलं. पुढची चाळीस वर्षं मी तसा हात ठेवला. दुपारी दोन-तीन तास गेले की आपण तोडतोय हेसुद्धा कळायचं नाही. ऊस समोर यायचा आणि पडायचा. माणूस कुठंतरी बाजूला बसलेला असायचा, आणि हात चाललेला.

हौसराव माझ्या शेजारच्या वावरातला. आमचं पाण्यावरून होतं, एका विहिरीवर दोघांची पाळी, त्यानं माझ्या पाळीत पाटाचं दारं फोडून पाणी आपल्याकडं घेतलं होतं. ते आदल्या दिवशी. आदल्या दिवशी मी खूप बोललो, शिव्या दिल्या, कान तापले, छाती धडधडली, सगळ्या पायऱ्या झाल्या, आणि मग मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो. राग आला होता आणि गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऊस तोडत होतो. हौसराव बांधावरून आला आणि माझ्या पुढ्यात उभा राहिला. काहीबाही बोलत होता. मला ते नीट ऐकूही येत नव्हतं. मग त्यानं, मी धरलेल्या उसाच्या बुडाशी आपला पाय रोवला आणि म्हणाला, "तोड बघू आता. थांबलास का?" मी थांबलो नव्हतो. पाय मला दिसत होता. वहाण दिसत होती, अंगठ्याजवळ शिवलेली. पाय आहे हे मला कळत होतं. त्या वेळी माझं मन इतकं गार होतं, की आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

पुण्याच्या कोर्टात डॉक्टरांनी साक्ष दिली. म्हणाले, एकच घाव आहे, अगदी सफाईदार, हाड सरळ कापलं गेलं आहे. सगळ्या कोर्टात ते एक वाक्य मला कळलं आणि दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. तिथं कुणी कधी ऊस तोडला नव्हता. माझा वकील उठला आणि म्हणाला, आदल्या दिवशी भांडण झालेलं, आरोपीनं रागाच्या भरात केलं, पूर्वतयारी नव्हती. सरकारी वकीलही म्हणाला, राग होताच. न्यायाधीशांनी लिहिलं, राग. वकिलानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "रागाच्या भरात म्हटलं की वर्षं कमी होतात, तुम्ही तोंड उघडू नका." मी उघडलं नाही. सात वर्षांची शिक्षा लागली. हौसरावचा पाय गुडघ्याखाली गेला. आता तो निमोण्यात असतो, सासुरवाडीला, पिठाची गिरणी घातली आहे, स्टुलावर बसून दळण देतो असं ऐकलं. वर्गात गुन्हा विचारला की मी सांगायचो, माझा राग मोठा होता. मग मला रागावरची सगळी औषधं दिली. मी ती मनापासून घेतली. आणि खरंच मला त्यानंतर राग येत नाही. माझी वही गेली सहा वर्षं जवळजवळ कोरी आहे.

सुटलो तेव्हा मयू अनिताच्या पोटात होती. अनिताची आई मी आत असतानाच गेली, अनिताला कासुर्डीच्या मामानं वाढवलं आणि लग्न लावून दिलं. जावई इंद्रजीत रेल्वेत खलाशी आहे. लेकीच्या घरी बापानं राहावं हे आमच्यात शोभत नाही, पण त्यानं स्वतः येऊन मला नेलं, कधी शब्दानं दुखवलं नाही. दोन खोल्या, पुढं ओटा, भिंतीला भिंत लावून खुर्शिदबींचं घर. खुर्शिदबी एकट्या असतात, मुलगा भिवंडीला. अनिताचं आणि त्यांचं मेतकूट. रोज संध्याकाळी भाजी घेऊन अनिता त्यांच्याकडं जाते, तिथंच बसून चिरते, गप्पा मारते, चिरलेली भाजी ताटात घेऊन परत येते. मयूला माझ्याजवळ ठेवून जाते. तो अर्धा तास मयूचा आणि माझा. ती मला तिच्या पुस्तकातली अक्षरं वाचायला लावते आणि चुकलो की डोक्यावर टपली मारते. कांदा आमच्या घरी मी बुक्कीनं फोडतो, अनिता म्हणते तुमच्या बुक्कीच्या कांद्याला चव असते.

चार वाजता मॅडम आल्या. केस पिकले होते, बाकी तशाच. "काका, चष्मा लागला की तुम्हाला," म्हणाल्या. अनितानं चहा ठेवला. मयू ओट्यावर दगडांची भातुकली मांडून बसली होती. मॅडमनी छापील कागद काढले, गुडघ्यावर वही धरली. मी विचारलं, बाकीच्यांचं काय. त्या म्हणाल्या, "चौदापैकी चार परत जेलमध्ये गेले. ज्या बराकीत वर्ग नव्हता तिथले चौदा धरले, तर सहा गेले."

"म्हंजी दोन मानसं वाचली," अनिता चहा देत म्हणाली.

"दोनच. आणि ती वर्गामुळंच वाचली की कशामुळं, ते सांगता येत नाही. चौदा माणसं म्हणजे फार थोडी." मॅडम म्हणाल्या. "म्हणून तुमच्यासारखी उदाहरणं महत्त्वाची, काका."

त्या प्रश्न विचारत गेल्या, मी उत्तरं देत गेलो. दारू, नाही. काम, आहे. पोलिसांत नाव, नाही. बाहेर मयूच्या दगडांचा आवाज येत होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. मला पुढचा प्रश्न माहीत होता, कार्डावरच तसं लिहिलेलं होतं. सकाळपासून मी ठरवत होतो की नाही म्हणायचं. नाही म्हटलं की मॅडम खूश होऊन जातील, मी या घरात राहीन, संध्याकाळी मयू पुस्तक घेऊन येईल. हो म्हटलं तर मी कुठं जायचं? राहूत माझं घर पडलं आहे, आणि तिथं मला बघून लोक अजून रस्ता बदलतात. पण नाही म्हटलं आणि उद्या मयूनं परत लाकडावर पाय ठेवला तर? आणि त्या वेळी माझ्या हातात काही असलं तर?

"गेल्या वर्षभरात कुणावर हात उचलला?"

"न्हाई हो, मॅडम," अनिताच म्हणाली. "आमचं आबा म्हंजी गाय हाय. स्टँडवर कुणी सायकल पाडली तरी गुमान उचलून लावत्यात. त्या बिलालची टिंगल रोज ऐकून घेत्यात."

मॅडम हसल्या आणि कागदावर खूण करायला वाकल्या.

"आज सकाळी उचलला," मी म्हणालो. "मयूवर."

अनिताच्या हातात कपबशी होती. कपबशी वाजली नाही, इतकी अनिता एकदम थांबली. मी सगळं सांगितलं. लाकूड, पाय, ती काय म्हणाली, हात कुठवर आला. सांगताना माझा आवाज अजिबात हलला नाही, आणि त्याचीही मला भीती वाटली.

"राग आला होता?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई."

"काका, आठवून बघा. शिडी आठवते ना? कोणत्या पायरीवर होता तुम्ही?"

"पायरी नव्हती. हौसरावच्या वक्तालाबी नव्हती. मी तुम्हाला खोटं सांगितलं, मॅडम. तवा मला राग न्हवता. एकच घाव, बुडखा चिरला न्हाई." त्यांना बुडख्याचं कळलं नाही हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मग वडिलांचं सांगितलं, फडातलं सांगितलं. त्या ऐकत होत्या. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

त्या म्हणाल्या, "यासाठी माझ्याकडं रकाना नाही, काका."

मी अनिताकडं बघितलं. ती दाराकडं, मयूकडं बघत होती. मी म्हणालो, "अनिता, घरात धारेचं काय ठेवू नगंस. विळी, कोयती, सगळं कुठंतरी कुलपात टाक. आजच."

"ठेवलंय कुठं, आबा," ती म्हणाली.

मला कळेना.

"विळी खुर्शिदनानीकडं हाय. तुम्ही सुटून आला त्याच दिवशी सकाळी नेऊन ठिवली. कुऱ्हाड यांनी रेल्वेच्या शेडवर नेली. ढलप्या का आणतो आपण? हातानं मोडत्यात म्हणून." ती माझ्याकडं न बघता बोलत होती, हिशोब चुकता केल्यासारखी नाही, बाजाराची यादी सांगावी तशी. "सहा वर्षं झाली. नानीला म्हटलं, माझ्या घरी दुसरी विळी हाय, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, हितंच बसून चिरीन. नानीनं परत कवा विचारलं न्हाई."

मी खोलीभर बघितलं. सहा वर्षं या खोलीत झोपलो, आणि आज ती पहिल्यांदा दिसली. फळीवर डबे होते, ताटं होती, पोळपाट होता. कशालाच धार नव्हती. बुक्कीच्या कांद्याला चव असते. गप्पा मारायला रोज शेजारी जाते. मला वाटत होतं या घरात भिणारा मी एकटा, आणि मी ते लपवतो आहे. ही पोर रोज माझ्या पानात भाकरी वाढत होती आणि रोज भीत होती. आणि तरी मयूला माझ्याजवळ ठेवून जात होती, कारण विळी भिंतीपलीकडं होती. तिनं अंतर मोजून ठेवलं होतं. मी परत आत गेलो नाही ते या अंतरामुळं, का वर्गामुळं, का माझ्यामुळं?

मॅडम उठल्या. मी म्हणालो, "कागद द्या जरा." शेवटच्या पानावर खाली रिकामी जागा होती. तिथं माझ्या अक्षरात लिहिलं, सहा वर्षं या घरात विळी नव्हती. खाली नाव लिहिलं. मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कागद पिशवीत ठेवला. जाताना अनिताच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या, पुण्याला डॉक्टर आहेत, पत्ता पाठवते, असं काहीसं. अनितानं मान हलवली.

मग संध्याकाळ झाली. अनितानं कप विसळले, ओटा झाडला. रोजच्या वेळेला तिनं गवारीची पिशवी घेतली. मयू पुस्तक घेऊन माझ्याकडं निघाली होती. अनितानं वाटेतच तिचा हात धरला. "चल," म्हणाली, "नानीकडं जाऊ."

"मी आबांजवळ बसते."

"चल म्हटलं ना."

"मग आबांनापण घे."

अनिता माझ्याकडं बघत उभी राहिली. मीच म्हणालो, "जा मयू. मी हितंच हाय." तिनं पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं, उघडंच, आणि गेली. पैंजणं ओट्यावर वाजली, मग पलीकडच्या ओट्यावर. अनितानं दार ओढून घेतलं, कडी लावली नाही.

बरं वाटलं मला. खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढाच एक क्षण बरा वाटला. हात अजून मांडीखालीच होते, मुंग्या आल्या होत्या. भिंतीपलीकडं खुर्शिदबी काहीतरी विचारत होत्या, अनिताचा आवाज येत नव्हता. मग विळी मांडल्याचा आवाज आला, आणि गवार चिरायला लागली. हा आवाज मी सहा वर्षं रोज ऐकला असणार. आज ओळखला. एकसारखा, न थांबणारा, मोकळ्या हाताचा. मी एकवीसपासून उलटं मोजायला लागलो. कान गार होते.